भाड्याची जागा, स्वतःचं पान

समाजमाध्यमांना कंटाळून ‘आपली छोटीशी वेबसाइट असावी’ असं म्हणणारी मंडळी अलीकडे पुन्हा भेटू लागली आहेत. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कशात बनवू?’ मला वाटतं, त्याच्या आधी ‘ठेवू कुठे?’ हे विचारायला हवं. हौशी वेबसाइटींची आजवरची वाटचाल पाहिली तर पानं जुन्या तंत्रामुळे फारशी मेलेली नाहीत. ती ज्या जागेवर होती ती जागाच गेली, आणि जागेबरोबर पानंही गेली. मराठीत आणखी एक कारण होतं, फाँट. त्याबद्दल पुढे सविस्तर.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जे पहिलं संकेतस्थळ उभं केलं, ते त्यांच्या टेबलावरच्या नेक्स्ट या कंपनीच्या एका संगणकावर चालत होतं. ‘हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका’ अशी लाल शाईतली चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. ऑगस्ट १९९१ मध्ये हे काम जगापुढे आलं. त्यांचा पहिला ब्राउझर पानं वाचण्यासाठी होता तसाच लिहिण्यासाठीही होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वाचणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा, अशी फाळणी तेव्हा त्यात नव्हतीच. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सगळं तंत्र कोणालाही विनामूल्य वापरायला खुलं केलं. त्या पहिल्या संकेतस्थळाची १९९२ मधली प्रत सर्नने नंतर मूळ पत्त्यावर पुन्हा मांडली. ती आजच्या फोनवरही नीट उघडते.

सुरुवातीच्या व्यक्तिगत पानांना आसरा दिला तो विद्यापीठांनी. विद्यापीठांच्या युनिक्स प्रणालीवर चालणाऱ्या सामायिक संगणकावर प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा एक कप्पा मिळे. त्यात ठरावीक नावाचा फोल्डर करून फाइल टाकली की ती जगाला दिसू लागे. पत्त्यात नावाआधी येणारी ती नागमोडी रेघ, टिल्ड, त्या कप्प्याचीच खूण. अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजच्या जस्टिन हॉल या विद्यार्थ्याने जानेवारी १९९४ मध्ये असं स्वतःचं पान सुरू केलं आणि पुढे त्यावर आपलं रोजचं आयुष्य लिहिलं. ब्लॉग हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. रासमुस लेर्डोर्फ यांनी आपलं ऑनलाइन बायोडेटाचं पान कोण पाहतं हे कळावं म्हणून काही छोट्या आज्ञावल्या लिहिल्या आणि १९९५ मध्ये त्या सर्वांना दिल्या. त्यांचं नाव होतं ‘पर्सनल होम पेज टूल्स’. आज जगातल्या असंख्य वेबसाइटी ज्या पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर चालतात ती हीच. एका माणसाच्या घरगुती गरजेतून ती आली.

ज्यांच्याकडे विद्यापीठाचा कप्पा नव्हता त्यांच्यासाठी जिओसिटीज आलं. १९९४ च्या अखेरीस डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझ्नर यांनी ‘बेव्हर्ली हिल्स इंटरनेट’ या नावाने ही कंपनी सुरू केली. कल्पना मोठी सुरेख होती. जागा फुकट, पण ती गल्ल्यांत आणि पेठांत वाटलेली. संगणकवाले ‘सिलिकॉन व्हॅली’त, शिक्षणाचे विषय ‘अथेन्स’मध्ये, विज्ञानकथांचे वेडे ‘एरिया ५१’मध्ये, घरसंसाराची आणि पाळीव प्राण्यांची पानं ‘हार्टलँड’मध्ये. प्रत्येकाला घरनंबर. शेजारच्या नंबरवर काय आहे हे बघायला लोक खरोखर जात. चमकणारी अक्षरं, भेट देणाऱ्यांचा आकडा मोजणारा काउंटर, ‘काम चालू आहे’चा पिवळा फलक, अभिप्राय लिहायची वही. आज त्याला कोणी बटबटीत म्हणेल. मी नाही म्हणणार. मुलांनी पहिल्यांदा रंग हातात घेतल्यावर भिंत जशी दिसते तशी ती पानं होती, आणि हजारो लोक एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची खुणांची भाषा, तिथेच शिकले, दुसऱ्याच्या पानाचा ‘सोर्स’, म्हणजे मूळ मजकूर, उघडून.

जानेवारी १९९९ मध्ये याहूने जिओसिटीज साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीचे शेअर देऊन घ्यायचं जाहीर केलं. त्याच उन्हाळ्यात नव्या अटी आल्या. त्या वाचून पानांवरच्या मजकुरावर आता कंपनीचा हक्क लागणार असं रहिवाशांना दिसलं. मोठा आरडाओरडा झाला आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. जमीन आपली नाही याची बहुतेकांना तेव्हा पहिल्यांदा जाणीव झाली. दहा वर्षांनी, २६ ऑक्टोबर २००९ रोजी, ही सगळी वस्ती बंद झाली. जपानी शाखा तेवढी मार्च २०१९ पर्यंत टिकली. बंद होण्याआधीचे काही महिने ‘आर्काइव्ह टीम’ या हौशी गटाने मिळेल तेवढं उतरवून घेतलं आणि वर्षभराने सुमारे ६४० गिगाबाइटचा तो साठा सर्वांसाठी खुला केला.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. मुंबईत ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना मोडेमचा तो किरकिराट अजून कानात असेल. वेळ मोजून मिळायचा, म्हणून पान आधी घरी नोटपॅडमध्ये लिहायचं, तपासायचं, आणि मग जोडणी करून घाईघाईने चढवायचं. परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींनी या कामात आघाडी घेतली, कारण त्यांच्या हाताशी चांगली जोडणी होती.

पण मराठी लिहायचं कसं? तेव्हाच्या फाँटांमध्ये देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फाइलमध्ये रोमन अक्षरंच साठायची, फाँट त्यांना देवनागरीचं सोंग द्यायचा. वाचणाऱ्याकडे तोच फाँट नसेल तर पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा कचरा. म्हणून प्रत्येक मराठी पानाच्या माथ्यावर ‘आधी हा फाँट उतरवून घ्या’ अशी सूचना असे, आणि तीही इंग्रजीत, कारण मराठीतली सूचना दिसणारच नाही. प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणात देवनागरी १९९१ पासूनच होती. पण ती घरच्या संगणकात नीट उमटायला विंडोज २००० आणि एक्सपी यावे लागले.

माझ्या मामांनी त्या काळात आमच्या गावाच्या देवळाची माहिती अशाच फाँटमध्ये लिहून एका फुकट जागेवर ठेवली होती. ती सेवा बंद पडली. सुदैवाने मामांच्या सीडीत फाइली सापडल्या. त्या युनिकोडमध्ये आणताना मला कळलं की हे नुसतं अक्षराला अक्षर बदलणं नाही. जुन्या फाँटमध्ये ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी आधी टाइप होते आणि क नंतर, युनिकोडमध्ये क आधी. ‘कार्य’मधला रफार जुन्या पद्धतीत य नंतर बसतो, युनिकोडमध्ये त्याचा र य च्या आधी हवा. सगळ्यात चिवट निघाल्या देवळाच्या पायऱ्या. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीने त्यांच्या ‘पायर्या’ करून टाकल्या होत्या. मराठीचा तो आडवा र तिला ठाऊकच नव्हता. सत्तावीस ठिकाणी मी तो हाताने दुरुस्त केला.

मधली वर्षं सगळ्यांना माहीत आहेत. २००३ मध्ये ब्लॉग चालवायचं वर्डप्रेस आलं, पाठोपाठ समाजमाध्यमं, आणि स्वतःचं पान सांभाळण्याचा खटाटोप अनेकांना नकोसा झाला. पाहिलं तर देखभालीचं कामही वाढलंच होतं. जुलै २०१८ पासून क्रोमने साध्या एचटीटीपी, म्हणजे कूटबद्ध न होता येणाऱ्या, पानांवर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारायला सुरुवात केली. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने त्यासाठी लागणारी सुरक्षा प्रमाणपत्रं फुकट द्यायला सुरुवात केली नसती तर हौशी माणसाला हे झेपलं नसतं. ती ९० दिवसांची असत, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय लावावीच लागे. फ्लॅश या हलत्या चित्रांच्या तंत्रात केलेली सगळी कारागिरी २०२० अखेर मिटली. या सगळ्यात ज्यांची पानं साध्या एचटीएमएल फाइलींची होती त्यांना फारसं काही करावं लागलं नाही, हे मुद्दाम नोंदवावंसं वाटतं.

म्हणूनच आज अनेक हौशी माणसं साध्या फाइलींकडे परतली आहेत. २००८ मध्ये आलेल्या जेकिलसारखी साधनं साध्या मजकुरातून तयार पानं करून देतात. ती कुठेही उचलून ठेवता येतात, डेटाबेस लागत नाही. २०१३ मध्ये काइल ड्रेक यांनी निओसिटीज ही पानांना फुकट जागा देणारी सेवा सुरू केली, नावातूनच जुन्या वस्तीची आठवण जागवत. तीही दुसऱ्याचीच जागा, पण स्वतःचं डोमेन नाव, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यातलं नाव, घेतलं असेल तर जागा बदलली तरी पत्ता तोच राहतो. डॉट इन नावं २००५ पासून कोणालाही घेता येतात, आणि ऑगस्ट २०१४ पासून डॉट भारत हे देवनागरीतलं नावही मिळतं.

देवळाचं पान आता बारा साध्या फाइलींचं आहे. एक प्रत माझ्याकडे, एक मामांकडे पेन ड्राइव्हवर. डोमेनचं नूतनीकरण दरवर्षी फेब्रुवारीत येतं. ती तारीख मी भाचीच्या फोनमध्येही टाकून ठेवली आहे.