जुना फोन रूट करताना: अडलं कुठे ते कसं ओळखायचं

२००८ च्या नोव्हेंबरात, अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन बाजारात येऊन जेमतेम काही आठवडे झाले होते, तेव्हा त्यात एक विलक्षण दोष सापडला. टी-मोबाइल जी१ या फोनला सरकवून उघडायचा खराखुरा कीबोर्ड होता. त्यावर कुठेही, अगदी मित्राला पाठवायच्या मेसेजमध्येसुद्धा, 'रीबूट' हा शब्द टाइप करून एंटर दाबलं की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. कीबोर्डवरचं प्रत्येक अक्षर पडद्यामागे चालू राहिलेल्या एका कमांड शेललाही (टाइप केलेल्या आज्ञा पाळणाऱ्या प्रोग्रामलाही) पोहोचत होतं आणि तो शेल रूटच्या अधिकारात चालत होता. गूगलने लगेच अपडेट पाठवून ही वाट बुजवली, पण तोपर्यंत हौशी लोकांनी तिचा उपयोग करून आपले फोन पूर्णपणे ताब्यात घेतले होते.

हा 'रूटचा अधिकार' युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीच्या घराण्यातून आला आहे. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, असतं आणि त्यात प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक असतो. ज्याचा क्रमांक ० तो रूट, त्याला सगळं करता येतं. अँड्रॉइडने या जुन्या रचनेचा फार हुशारीने वापर केला. इथे वापरकर्ता म्हणजे माणूस नव्हे, ॲप. तुम्ही एखादं ॲप टाकलं की त्याला १०००० किंवा त्यापुढचा एक स्वतंत्र क्रमांक मिळतो, आणि एका क्रमांकाच्या फायली दुसऱ्या क्रमांकाला वाचता येत नाहीत. गेमला बँकेच्या ॲपमधली माहिती दिसत नाही ती यामुळेच. पण या व्यवस्थेत फोनच्या मालकाला स्वतःचा क्रमांकच नाही! पडद्यावर बोट फिरवून तुम्ही जे काही करता ते कुठल्या ना कुठल्या ॲपच्या मर्यादेत राहून होतं. संगणकाला केबल लावून एडीबी या साधनाने आत शिरलात तरी मिळतो तो २००० हा क्रमांक, म्हणजे ॲपपेक्षा थोडे जास्त अधिकार, पण रूट नाहीच. फोन रूट करणं म्हणजे ० क्रमांकापर्यंत पोहोचण्याची वाट उघडणं आणि त्या वाटेवर कोणाला सोडायचं हे विचारणारा एक रखवालदार बसवणं. आज हे काम बहुतेक ठिकाणी मॅजिस्क हे साधन करतं. त्याआधी अनेक वर्षं सुपरएसयू करत असे.

ही वाट इतकी अवघड का, हे समजून घेतलं की पुढच्या बहुतेक अडचणी आपोआप उलगडतात. म्हणून इथे थोडं थांबू.

पॉवरचं बटण दाबल्यावर सर्वांत आधी चालतो तो प्रोसेसरच्या चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम. तो कोणालाच बदलता येत नाही. तो बूटलोडरला, म्हणजे अँड्रॉइड सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला, उठवतो, पण त्याआधी त्याची डिजिटल सही तपासतो. बूटलोडर पुढे बूट इमेज उचलतो, म्हणजे कर्नल आणि त्याच्यासोबतच्या सुरुवातीच्या फायली, आणि तिचीही सही तपासतो. कर्नल जागं झालं की ते सिस्टम विभाग जोडून घेतं. हा विभाग काही गिगाबाइटचा असल्यामुळे तो सुरुवातीलाच अख्खा तपासत बसलं तर फोन सुरू व्हायला फार वेळ लागेल. त्यावरचा उपाय गणिती आहे आणि सुंदर आहे. सिस्टमचे ४ किलोबाइटचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाचा हॅश (त्यातल्या मजकुरावरून काढलेला, ठशासारखा छोटा आकडा) काढायचा, त्या हॅशच्या गटांचे पुन्हा हॅश, असं करत वर एकच हॅश उरेपर्यंत जायचं आणि फक्त त्या शेवटच्या हॅशवर सही करायची. मग जो तुकडा वाचायची वेळ येईल तेवढाच तपासायचा. सिस्टममधला एक बाइट जरी बदलला तरी वरपर्यंतचा हिशेब चुकतो. ही सोय अँड्रॉइड ४.४ मध्ये आली आणि ७ पासून ती सक्तीने लागू झाली.

म्हणूनच जुन्या पद्धती नव्या फोनवर चालत नाहीत. पूर्वी सिस्टम विभागात एक फाइल टाकली की काम व्हायचं. २०१६ मध्ये आलेल्या मॅजिस्कने सिस्टमला हात लावायचाच नाही असं ठरवलं. ते बूट इमेजमध्ये बदल करतं आणि फोन सुरू होताना हवे ते बदल सिस्टमवर वरून पांघरतं. खालचा मूळ मजकूर तसाच राहतो. पण बूट इमेज बदलली म्हणजे तिची सही मोडली, आणि बूटलोडर ती नाकारणार. त्यामुळे पहिली पायरी बूटलोडर अनलॉक करण्याचीच, म्हणजे सही नसलेली इमेजही चालवायला त्याला लावण्याचीच असते.

अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. नवशिक्यांना हा जाच वाटतो, पण ते तुमच्याच रक्षणासाठी आहे. तसं नसतं तर फोन चोरणाऱ्याने बूटलोडर उघडून तुमचे फोटो आणि मेसेज निवांत वाचले असते. काही कंपन्या अनलॉकची सोय फोनमध्येच देतात, काही संकेतस्थळावरून कोड देतात, काही अजिबात देत नाहीत. हुआवेने २०१८ मध्ये कोड देणं बंद केलं. या पायरीची किंमतही समजून घ्यावी. सॅमसंगच्या अनेक फोनमध्ये अनधिकृत सॉफ्टवेअर चालवल्याक्षणी नॉक्स या सुरक्षाव्यवस्थेचा इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा जळतो आणि त्यानंतर मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी मिळत नाहीत. सोनीच्या जुन्या एक्सपीरिया फोनमध्ये अनलॉक केल्यावर काही गुप्त किल्ल्या पुसल्या जायच्या आणि अंधुक प्रकाशातल्या फोटोंचा दर्जा घसरायचा.

बूटलोडर न उघडता रूट करणारेही मार्ग होते. २०१४ मध्ये जॉर्ज हॉट्झ या हॅकरने काढलेलं टॉवेलरूट हे ॲप कर्नलमधल्या एका चुकीचा फायदा घेत असे. २०१६ मध्ये उघडकीला आलेली 'डर्टी काऊ' ही चूक तर २००७ पासून कर्नलमध्ये दडून बसली होती. जुन्या फोनवर अशी 'एका टॅपमध्ये रूट' ॲप्स अजून चालतात, आणि नवशिक्याचा हात आधी तिकडेच जातो. माझं मत स्पष्ट आहे: कोणी बनवलं हे माहीत नसलेल्या ॲपला फोनचे संपूर्ण अधिकार देऊ नका. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. जो फोन एका ॲपने तुम्हाला विचारून रूट होतो, तो दुसऱ्या एखाद्या ॲपने तुम्हाला न विचारताही रूट होऊ शकतो. तसा फोन असेल तर त्यावर पैशाचे व्यवहार न केलेलेच बरे.

आणि रूट खरंच हवंय का? नको असलेली कंपनीची ॲप्स काढायची असतील तर एडीबीने ती रूटशिवाय बंद करता येतात. नवी अँड्रॉइड आवृत्ती हवी असेल तर लिनिएजओएससारखी कस्टम रॉम (फोनच्या कंपनीबाहेरच्यांनी बनवलेलं अँड्रॉइड) लागते, आणि तिला उघडलेला बूटलोडर पुरतो. फोन मंद झाला असेल तर बहुतेकदा दोष झिजलेल्या स्टोरेजचा आणि अपुऱ्या मेमरीचा असतो, तो रूटने जात नाही. रूटची खरी गरज वेगळ्या ठिकाणी पडते: ॲप्सचा आतल्या डेटासकट बॅकअप, कोणत्या ॲपला इंटरनेट मिळावं यावर पूर्ण ताबा, प्रोसेसरचा वेग ठरवणं. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो चार्जिंगचा ताबा. जुना फोन कॅमेरा किंवा छोटा सर्व्हर म्हणून कायम चार्जरला लावून ठेवायचा असेल तर त्याची लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भरलेली राहते, लवकर खराब होते आणि फुगू शकते. कर्नलने सोय ठेवलेली असेल तर रूटच्या मदतीने चार्जिंग ७० किंवा ८० टक्क्यांवर थांबवता येतं. बॅटरी आधीच फुगलेली असेल तर मात्र या फोनवर कुठलाच प्रयोग करू नका, आधी ती बदला.

तयारीतला सगळ्यांत महत्त्वाचा भाग म्हणजे तुमच्या फोनचं नेमकं मॉडेल आणि बिल्ड नंबर (त्यातल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक). नावाने सारखे दिसणारे दोन फोन आतून वेगवेगळ्या प्रोसेसरचे असू शकतात. फोनमध्ये आत्ता असलेल्याच बिल्डचं संपूर्ण मूळ फर्मवेअर (कंपनीचं सॉफ्टवेअर) आधी उतरवून ठेवा. त्यातली बूट इमेज मॅजिस्ककडून सुधारून घ्यायची, आणि तिची मूळ प्रत संगणकावर जपायची. ही प्रत हाताशी असेल तर पुढची निम्मी भीती उरत नाही. मॅजिस्कच्या सध्याच्या आवृत्त्यांना किमान अँड्रॉइड ६ लागतं, त्यामुळे फोन त्याहून जुना असेल तर त्याच काळातली साधनं शोधावी लागतात. फ्लॅश करताना, म्हणजे इमेज फोनमध्ये लिहिताना, बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असू द्या.

पहिली अडचण फोनमध्ये नसतेच, ती केबलमध्ये असते. पुष्कळ केबल फक्त चार्जिंगपुरत्या असतात, त्यांतून डेटा जातच नाही. एडीबीच्या यादीत फोनसमोर 'अनऑथराइज्ड' दिसत असेल तर फोनच्या पडद्याकडे बघा, तिथे परवानगीचा प्रश्न तुमची वाट बघत असतो. एडीबी चालतं पण फास्टबूट (बूटलोडरशी केबलवरून बोलण्याचा मोड आणि त्याचं साधन) 'वेटिंग फॉर एनी डिव्हाइस' म्हणत अडून बसतं, हेही नेहमीचं. विंडोजच्या लेखी फास्टबूटमधला फोन हे वेगळंच उपकरण असतं, त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो. हब काढून केबल थेट संगणकाला लावणं, यूएसबी ३ ऐवजी २ चं पोर्ट वापरणं, यानेही बरेचदा काम होतं. सॅमसंगवाल्यांनी फास्टबूट शोधत बसू नये. त्या फोनना डाउनलोड मोड आणि संगणकावरचं ओडिन हे फ्लॅश करायचं साधन लागतं.

खरा घाम फुटतो तो फ्लॅश केल्यावर फोन सुरू झाला नाही तर. अशा वेळी घाईने आणखी काही फ्लॅश करू नका. फोन कुठवर पोहोचून थांबला ते पाहा, कारण वर सांगितलेल्या साखळीतली कोणती कडी तुटली ते तोच दाखवत असतो.

कंपनीचा स्थिर लोगो दिसतो आणि फोन तिथेच अडकतो किंवा पुन्हा पुन्हा तिथूनच सुरू होतो? मग बूटलोडर जिवंत आहे आणि कर्नल उठत नाही. दोष बहुधा बूट इमेजचा, आणि कारण बहुतेक वेळा एकच: ती दुसऱ्या बिल्डची होती. फास्टबूटमध्ये जाऊन मूळ बूट इमेज परत टाका. दोन स्लॉट (सिस्टमच्या दोन प्रती ठेवायच्या जागा) असलेल्या फोनमध्ये ती चालू असलेल्याच स्लॉटमध्ये गेली ना, हेही तपासा.

लोगोच्या पुढे जाऊन हलतं चित्र सुरू झालं आणि ते थांबतच नाही? ही तुलनेने चांगली बातमी आहे. कर्नल उठलं, सिस्टम जोडली गेली, पुढे काहीतरी अडलं. आधी थोडा धीर धरा. अँड्रॉइड ५ आणि ६ असलेले फोन अशा बदलानंतर पहिल्यांदा सुरू होताना सगळी ॲप्स नव्याने कम्पाइल करतात, आणि जुन्या प्रोसेसरला त्यासाठी १० ते १५ मिनिटंही लागू शकतात. त्याहून बराच वेळ गेला तर नुकतंच टाकलेलं मॅजिस्क मॉड्यूल (मॅजिस्कमार्फत सिस्टमवर पांघरलेला एखादा बदल) संशयित धरा. फोन सेफ मोडमध्ये सुरू केला की मॅजिस्क स्वतःहून सगळी मॉड्यूल्स बंद करतं. त्यानेही जमलं नाही तर रिकव्हरी या दुरुस्तीच्या मोडमधून फॅक्टरी रीसेट.

फोन व्यवस्थित सुरू झाला पण नेटवर्क नाही आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) रिकामा दिसतो? तर मॉडेमची (मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाची) माहिती ठेवणाऱ्या विभागाला धक्का लागलेला असतो. ही माहिती प्रत्येक फोनची स्वतंत्र असते, म्हणून दुसऱ्या फोनमधून उचलून आणलेली फाइल इथे कधीही टाकू नये. रूट मिळाल्याबरोबर या विभागाचा बॅकअप घेऊन तो फोनबाहेर ठेवणं हे मी पहिलं काम मानतो.

पडदा पूर्ण काळा असेल तर आधी फोन तासभर चार्जिंगला लावा, मग पॉवर आणि आवाज कमी करण्याचं बटण एकत्र २० सेकंद दाबून धरा. मेलेले वाटणारे कितीतरी फोन एवढ्यानेच उठतात. तरीही काहीच नाही, पण संगणकाला जोडल्यावर क्वालकॉमचं ९००८ असं उपकरण दिसत असेल, तर चिपमधला तो कोरलेला प्रोग्राम अजून जागा आहे आणि पुढचं काहीच न सापडल्यामुळे थांबून राहिला आहे. तिथून परत येण्यासाठी कंपनीची सही असलेली खास फाइल लागते. हे काम दुरुस्तीच्या जाणकाराकडे सोपवावं.

बँकेची ॲप्स रूट केलेल्या फोनवर चालायला नकार देतात, कारण गूगलची प्ले इंटिग्रिटी ही व्यवस्था त्यांना बूटलोडरची अवस्था कळवते. ती चुकवणारी मॉड्यूल्स मिळतात, दर काही आठवड्यांनी निकामी होतात, मग नवी येतात. या पाठलागात पडू नये असंच मी सांगेन. व्यवहारांचा फोन वेगळा, प्रयोगांचा वेगळा.

कधी मूळ स्थितीत परतायचं ठरवलंत तर क्रम चुकवू नका. आधी संपूर्ण मूळ फर्मवेअर टाका, फोन एकदा पूर्ण सुरू होऊ द्या, रूट गेल्याची खात्री करा, महत्त्वाचा डेटा बाहेर काढा आणि मगच बूटलोडर लॉक करा. लॉक करतानाही डेटा पुसला जातो. बदललेली बूट इमेज आत असतानाच लॉक केलंत तर बूटलोडर ती लगेच नाकारेल, फोन सुरू होणार नाही, आणि पुन्हा अनलॉक करायची परवानगी सेटिंगमध्ये बंद असेल तर तिथपर्यंत पोहोचायलाही वाट राहणार नाही.