झोपाळ्याच्या आकड्यावर खरोखर किती भार येतो?

पडवीत नवा झोपाळा बसवणाऱ्या एका परिचितांनी छतातल्या आकड्याला स्वतः लोंबकळून पाहिले आणि "माझे वजन पेलले, आता चिंता नाही" असा निर्वाळा दिला. ही परीक्षा इतकी सर्रास घेतली जाते, की तिच्यात काही चुकते आहे अशी शंकाही कोणाला येत नाही. परंतु लोंबकळणारा माणूस स्थिर असतो आणि झोपाळा हलण्यासाठीच टांगलेला असतो. कमी खर्चात झोपाळा बसवू पाहणाऱ्याला पैसे कोठे वाचवावेत आणि कोठे वाचवू नयेत हे या एका फरकावरून ठरवता येते.

झोपाळा हा मुळात एक लंबक आहे. तो टोकाला पोहोचतो तेव्हा क्षणभर थांबतो आणि परत येताना उंची गमावून वेग मिळवतो. त्याचा वेग तळाशी सर्वाधिक असतो आणि तेथे तो वर्तुळाकार मार्गावर असल्यामुळे त्याला केंद्राकडे, म्हणजे आकड्याकडे, ओढून धरणारे जादा बल लागते. हे बल साखळीच पुरवते. म्हणून तळाशी साखळीत वजनाइतका ताण असतोच, शिवाय हा अभिकेंद्री बलाचा वाटाही असतो. ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाने हिशेब केला तर उत्तर फार देखणे येते. तळाशी असणारा ताण हा वजनाच्या किती पट आहे हे काढायचे असेल, तर झोपाळा उभ्या रेषेपासून ज्या कमाल कोनापर्यंत जातो त्या कोनाच्या कोसाइनची दुप्पट ३ मधून वजा करावी. या सूत्रात साखळीची लांबी कोठेच येत नाही. लांब साखळीने वेग वाढतो, पण वर्तुळही तितकेच मोठे होते आणि दोन्ही परिणाम एकमेकांना तंतोतंत रद्द करतात. बसणाऱ्यांसह झोपाळ्याचे वजन १६० किलो धरले, तर ३० अंशांच्या झोक्यात तळाशी सुमारे २०३ किलो वजनाइतका ताण येतो, ४५ अंशांच्या झोक्यात सुमारे २५४ आणि ६० अंशांच्या झोक्यात थेट ३२०.

फळी चार साखळ्यांनी चार आकड्यांना टांगलेली असते आणि हा भार त्या चार आकड्यांत समान वाटला जाईल, असे आपण गृहीत धरतो. तसे सहसा घडत नाही. चार पायांचे टेबल जसे डगमगते, तशीच चार साखळ्यांची ताठ फळी असते: एक साखळी एखाद्या दुव्याने लांब असली की ती ढिली राहते आणि मध्यभागी बसलेल्यांचा जवळजवळ सगळा भार कर्णावरच्या दोन आकड्यांवर जातो. अशा वेळी स्थिर हिशेबाने प्रत्येकी ४० किलो वाटणारा भार ४५ अंशांच्या झोक्यात १२७ किलोवर जातो. कोणी धप्पकन बसले तर तो आणखी वाढतो, कारण अलगद नव्हे तर एकदम टाकलेला भार, कोणतीही उंची न देताही, क्षणभर दुपटीने जाणवतो.

येथपर्यंतची गोष्ट फक्त खाली ओढणाऱ्या बलाची झाली. खरा खोडकर भाग आडव्या बलाचा आहे. साखळी तिरपी होताच ती आकड्याला बाजूलाही ओढते आणि ४५ अंशांच्या झोक्यात हे बल टोकावर नव्हे, तर वाटेत सुमारे ३३ अंशांवर सर्वाधिक, वजनाच्या जवळपास ६० टक्के असते. ते प्रत्येक झोक्यात दिशा बदलते. आकड्याचा दांडा छतातून जितका बाहेर आलेला, तितका त्याला वाकवणारा आघूर्ण (बल आणि अंतर यांचा गुणाकार) मोठा. १० सेंटिमीटर बाहेर असलेला दांडा ५ सेंटिमीटरच्या तुलनेत दुप्पट वाकवला जातो. म्हणून दांडा आखूड ठेवावा आणि आकड्याला फिरणारी, बेअरिंगची कडी जोडावी. फिरती कडी आडवे बल नाहीसे करत नाही, परंतु कडीतले घर्षण आणि झीज कमी करते. कुरकुर थांबते ती याच कारणाने.

धातू एकदा पेलतो म्हणून लाखदा पेलेल असे नाही. १८४२ साली व्हर्सायजवळ रेल्वेचा आस मोडून भीषण अपघात झाला. त्यानंतरच्या दशकांत ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने दाखवले, की वारंवार उलटसुलट होणारा भार लहान असला तरी भेग वाढवत नेतो. दोन मीटर लांबीच्या झोपाळ्याला एका पूर्ण झोक्यास सुमारे २.८ सेकंद लागतात, म्हणजे रोज अर्धा तास बसल्यास वर्षाला सव्वादोन लाखांहून अधिक झोके होतात. वेष्टनावरच्या 'हेवी ड्यूटी' या शिक्क्यात यापैकी काहीच सांगितलेले नसते. (रात्री रिकामा झोपाळा आपोआप हलतो त्यात भुताटकीही नाही, वाऱ्याच्या झुळुका त्याच्या एका झोक्याच्या वेळेशी जुळल्या की अल्पशा धक्क्यांची बेरीज होत जाते.)

आता आकडा कशात रुतवावा? काँक्रीट दाबाला बळकट असते, पण ताणाला त्याची शक्ती साधारण दशांशच. भरीत भर म्हणजे स्लॅबच्या मध्यभागी खालची बाजू मुळातच ताणाखाली असते आणि तेथे बारीक भेगा असू शकतात. फुगून घट्ट बसणारा अँकर घर्षणावर टिकतो आणि सततच्या हादऱ्यांनी सैल होऊ शकतो. शक्य असेल तेथे बोल्ट तुळईतून किंवा स्लॅबमधून आरपार नेऊन दुसऱ्या बाजूला पोलादी पट्टी आणि नट लावावा. गिलाव्यावर अथवा फॉल्स सीलिंगवर तर मुळीच भरवसा ठेवू नये. लाकडी तुळईतही नुसत्या आट्यांच्या स्क्रूपेक्षा आरपार बोल्ट बरा. फळी जुनी चालते, रंग घरी देता येतो, साखळी दिसायला साधी असली तरी चालते; दोर वापरल्यास मात्र गाठीपाशी त्याची ताकद बरीच घटते हे धरून चालावे. आकड्याची तुटण्याची क्षमता मी अपेक्षित कमाल भाराच्या निदान पाचपट घेतो, म्हणजे वरच्या उदाहरणात प्रत्येकी सुमारे ६३५ किलो.

चाचणीसाठी पाण्याचे डबे सर्वांत स्वस्त, कारण एक लिटर म्हणजे एक किलो. फळी जमिनीपासून वितभर उंचीवर ठेवून बसणाऱ्यांच्या वजनाच्या दुप्पट भार रात्रभर टांगून ठेवावा आणि सकाळी आकड्याभोवती पेन्सिलीने आखलेले वर्तुळ जागेवर आहे का, हे पाहावे. पुढेही महिन्यातून एकदा खाली फरशीवर पांढरी धूळ पडते का आणि कडी जेथे आकड्यावर टेकते तेथे चकचकीत खाच पडली आहे का, हे बोट फिरवून पाहावे.