बगीच्याचा ताण आणि कॉम3

वरुड-मोर्शी पट्ट्यात आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरची फुलं, धरायचा तर डिसेंबरात संत्र्याचं पाणी बंद करून झाडांना ताण देतात. जमीन किती सुकली हे माती चोळून कळतं, आणि त्या कामात काकाजींची बोटं पक्की. तरी हौसेपायी मी एका झाडाच्या आळ्यात ओलाव्याचा सेन्सर खोचला, आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला जोडला नि लॅपटॉप घेऊन बांधावर बसलो. पडद्यावर आकडे नाहीतच, नुसत्या चौकटी आणि उलटी प्रश्नचिन्हं.

"काय म्हनते तुहं झाड?" काकाजींनी विचारलं.

बोर्ड बरोबर बोलत होता, माझा ठेका चुकला होता. सिरियल तारेतून बिट, म्हणजे शून्य नि एक, एकामागोमाग येतात, सोबत घड्याळाची वेगळी तार नसते. म्हणून वेग आधी ठरवायचा. 9600 बॉड, म्हणजे सेकंदाला 9600 बिट, म्हटलं की एका बिटाला साधारण 104 मायक्रोसेकंद. तार गप्प असताना व्होल्टेज चढं असतं. ते पडलं की समजायचं, अक्षर आलं. हा स्टार्ट बिट. मग अक्षराचे आठ बिट, शेवटी स्टॉप बिट. खंजिरी भजनात मागे म्हणणारे दर ओळीला पहिल्या ठोक्यावर पुन्हा जमवून घेतात, तसा ऐकणारा दर स्टार्ट बिटला नव्याने मोजायला लागतो. त्यामुळे दोन घड्याळांत टक्काभर फरक असला तरी निभतं. मी मात्र 115200 वर ऐकत होतो, बारापट वेगानं. एकेक बिट बारा वेळा मोजला गेल्यावर दुसरं काय दिसणार!

वेग सुधारला, 512 उमटलं. हा आकडा तारेतून पाच, एक, दोन अशी तीन अक्षरं होऊन येतो आणि मागून दोन अदृश्य खुणा: 'ओळीच्या सुरुवातीला जा' आणि 'कागद वर सरकव'. या तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या टेलिप्रिंटरच्या काळातल्या आज्ञा. लिनक्समधलं 'टीटीवाय' हे नावही त्याच यंत्राचं.

तारेतली भाषा सगळीकडे हीच, दाराचं, म्हणजे पोर्टचं, नाव तेवढं बदलतं. माझ्या विंडोज लॅपटॉपवर ते कॉम3 होतं. लिनक्समध्ये 'डेव्ह' फोल्डरात अस्सल उनो टीटीवायएसीएम0 म्हणून दिसतो, तर सीएच340 चिपचा स्वस्त बोर्ड टीटीवाययूएसबी0 म्हणून. परवानगी नाकारली तर सहसा स्वतःला 'डायलआऊट' गटात घालून पुन्हा लॉगिन करायचं. मॅकवर एकाच बोर्डाची दोन नावं दिसतात. 'सीयू'ने सुरू होणारं घ्यावं. पायथन भाषेच्या पायसिरियल लायब्ररीत बाकी प्रोग्राम तोच, फक्त हे नाव बदलायचं. नाव कुठेच दिसत नसेल तर आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, हे मी अर्धा दिवस घालवून शिकलो.

एक गंमत. एका प्रोग्रामनं पोर्ट धरला असेल तर विंडोज दुसऱ्याला सरळ हाकलतं. लिनक्स सहसा दोघांनाही आत घेतं, मग अक्षरं दोघांत वाटली जातात आणि 512 मधले 5 इकडे, 12 तिकडे.

दोन दिवसांत आकडा एकदम कोरडेपणाकडे उडाला. तार तपासली, वेग तपासला, सगळं ठीक. काकाजी आळ्याशी उकिडवे बसले. काळी माती सुकताना आकसून फाटते. भेग नेमकी सेन्सरच्या कडेनं गेली होती.

"तुही काडी हवेत हाये," ते म्हणाले.