किनाऱ्याची लांबी सांगण्याआधी पट्टी दाखवा

भारताचा समुद्रकिनारा ७,५१६ किलोमीटर, हे आपण शाळेत घोकलं. अलीकडे केंद्र सरकारने फेरमोजणी केली आणि आकडा ११,०९८ वर गेला. साडेतीन हजार किलोमीटर आले कुठून? मुख्यतः नकाशातून. जुनी मोजणी १:४५,००,००० प्रमाणावर झाली होती (नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ४५ किलोमीटर), नवी १:२,५०,००० वर (एक सेंटीमीटर म्हणजे अडीच किलोमीटर). आधी सरळ रेषेत दबलेल्या खाड्या आता आपल्या सगळ्या वळणांसकट मोजल्या गेल्या.

ही भानगड लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या ध्यानात आली ती युद्धांची कारणं शोधताना. सामाईक सीमा लांब असली की लढाया वाढतात का, हे त्याला तपासायचं होतं. पाहतो तर स्पेन-पोर्तुगाल सीमा एका नोंदीत ९८७ किलोमीटर, दुसरीत १,२१४! खोटं कुणीच बोलत नव्हतं; मोजायची पट्टी तेवढी लहान-मोठी होती.

पट्टी लहान करत गेलो की उत्तर कधीतरी एका खऱ्या आकड्यावर स्थिरावेल, असं आपण धरून चालतो. वर्तुळाच्या परिघाचं तसं होतंही. पण १९०४ मध्ये हेल्गे फॉन कॉख या गणितज्ञाने मांडलेली वक्ररेषा घ्या. रेषेचे तीन समान भाग करायचे, मधला पुसून तिथे तेवढ्याच लांबीच्या दोन बाजूंचं टोक काढायचं, मग प्रत्येक तुकड्यावर पुन्हा तेच. दर पायरीला लांबी ४/३ पट. आकृती वहीच्या पानावर मावते, लांबीला मात्र अंतच नाही.

१९६७ मध्ये गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉने मग प्रश्नच बदलला: पट्टी बारीक करताना लांबी किती झपाट्याने वाढते? त्यातून किनाऱ्याची मिती निघते. साध्या रेषेची मिती एक, सपाट पृष्ठभागाची दोन; वेड्यावाकड्या किनाऱ्याची या दोहोंच्या मधली, जितका वेडावाकडा तितकी जास्त. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची सुमारे १.२५, दक्षिण आफ्रिकेची जेमतेम १.०२. अशी अपूर्णांकी मिती गणितज्ञ फेलिक्स हाउसडॉर्फने १९१८ मध्येच मांडली होती, तीही निव्वळ गणित म्हणून. उच्च गणित काय कामाचं, असं विचारणाऱ्यांसाठी ही नोंद.

माझ्या मते हे गणित शिकल्यावर खरा फरक पडतो तो आकड्यांकडे बघण्यात. महाराष्ट्राचा किनारा पाठ्यपुस्तकात ७२० किलोमीटर, केंद्राच्या जुन्या यादीत ६५२, नव्यात ८७७. यातला बरोबर कोणता, यावर वाद घालावासाच वाटत नाही. प्रत्येकाची पट्टी कोणती होती, एवढंच विचारावंसं वाटतं.

अर्थात खरा किनारा कॉखच्या रेषेसारखा अनंतापर्यंत वळत नाही. फार बारकाईत शिरलात तर भरती-ओहोटीने रेषाच जागची हलते. म्हणून नव्या मोजणीतही आधी भरतीच्या पाण्याची रेषा प्रमाण धरावी लागली.