पीडीएफ केल्याने चित्र व्हेक्टर होत नाही

गिटार पेडलच्या (गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या उपकरणाच्या) डब्यावर छापायचे जेपीजी चित्र कोरलड्रॉ या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन पीडीएफ केले की ते व्हेक्टर होते, हा समज वर्षानुवर्षे टिकून आहे आणि तो चुकीचा आहे. फाइलचा प्रकार बदलला तरी आतले पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे रंगीत ठिपके, तसेच राहतात. पडद्यावर मोठे करून पाहिल्यास ‘व्हॉल्यूम’ या अक्षरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. व्हेक्टरमध्ये रेषा बिंदू आणि वक्रांच्या गणिताने साठवलेली असते, म्हणूनच सुमारे ६६ बाय १२२ मिलिमीटरच्या, १२५बी नावाच्या पेडलच्या डब्यावर नॉबभोवतीच्या बारीक खुणाही स्वच्छ उमटतात. त्यासाठी रेषा पेन टूलने नव्याने काढाव्यात आणि अक्षरे कर्व्ह करावीत, म्हणजे फॉन्टमधून रेषांच्या आकारांत बदलावीत. सॉफ्टवेअरने चित्रावरून आपोआप ट्रेस केलेले वर्तुळ बहुधा नेमके वर्तुळ राहत नाही, आणि मला सर्वांत खटकते ते हेच, की मग पाडलेले छिद्र व छापील खुणा एकमेकांशी जुळत नाहीत.