लिनक्स रॅम 'खातो' का?

फोंड्यातल्या एका मित्राच्या ऑफिसात परवा जुनीच तक्रार ऐकली. सर्व्हरला ८ जीबी रॅम, पण रॅमचा हिशेब देणारी 'फ्री' कमांड ३०० एमबीही मोकळी दाखवत नाही. म्हणजे लिनक्स, ही सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम, मेमरी खातो. त्यावर उपाय काय, तर दर तासाला 'ड्रॉप कॅशेस' (रॅममध्ये साठवलेल्या फाइलींच्या प्रती टाकून देणारी आज्ञा) चालवून रॅम 'साफ' करणे!

मुळात इथे कोणी काही खात नाही. एकदा वाचलेली फाइल कर्नल (लिनक्सचा गाभा) पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममधल्या मोकळ्या जागेत, पानापानाने ठेवतो, कारण रॅमपुढे डिस्क फारच मंद. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात रिकामी जागा दिसली की कोणीतरी पाटी मांडतं आणि गाडी आली की उचलतं, तसंच हे. प्रोग्रामला जागा लागली की न बदललेली पानं कर्नल लगेच सोडतो. मूळ प्रत डिस्कवर असतेच. बदललेली मात्र आधी डिस्कवर लिहावी लागतात, आणि 'ड्रॉप कॅशेस' त्यांना हातही लावत नाही.

तेव्हा त्या कमांडच्या उत्तरात 'फ्री' नव्हे, 'अव्हेलेबल' हा रकाना बघा: प्रोग्रामना खरोखर किती रॅम मिळू शकेल, याचा अंदाज. तो अंदाज २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून कर्नल स्वतःच देतो. मित्राकडे तो ५ जीबीवर होता.

'ड्रॉप कॅशेस' आहे चाचण्यांसाठी. ती चालवली की त्याच फाइली पुन्हा डिस्कवरून वाचाव्या लागतात. दर तासाला सर्व्हर का रखडतो, हे कोडं तिथेच सुटलं. 'अव्हेलेबल' आटत असेल आणि स्वॅपची (रॅम अपुरी पडली की तिच्यातली पानं ठेवायची डिस्कवरची जागा) ये-जा थांबत नसेल, तर मात्र खुशाल रॅम वाढवा.