आगाऊ शुल्काचा हिशेब (व्यावसायिक सेवा)

वकील, लेखापरीक्षक, वास्तुविशारद, सल्लागार यांच्या फर्मला काम होण्याआधी अशिलाकडून मिळालेल्या रकमेचा हिशेब. ही रक्कम बँकेत आली तरी लगेच उत्पन्न ठरत नाही. काम होईपर्यंत ती फर्मचे देणे असते. 1 जानेवारी 2018 पासून लागू झालेले आयएफआरएस 15 हे आंतरराष्ट्रीय लेखा-अहवाल मानक तिला करार-दायित्व मानते.

समजा, 1,20,000 आगाऊ मिळाले आणि दर तासाला 4,000 ठरला. पैसे आल्या दिवशी बँक खाते नावे (डेबिट), ‘अशिलाची आगाऊ रक्कम’ खाते जमा (क्रेडिट). पहिल्या महिन्यात 18 तास भरले की 72,000 चे बिल करून तेवढे आगाऊ खात्यातून उत्पन्नात वळवायचे, शिल्लक 48,000. पुढच्या महिन्याचे 15 तासांचे बिल 60,000 झाले, तर 48,000 वळते होऊन 12,000 येणे राहते. अनेक देशांत सेवेवरचा अप्रत्यक्ष कर आगाऊ रक्कम हाती पडताच लागतो. तिथे कराचा भाग पहिल्याच नोंदीत वेगळा काढावा लागतो.

सर्वाधिक घोळ होतो तो आलेले पैसे थेट उत्पन्नात टाकल्याने. मग बिल निघते, उत्पन्न दुसऱ्यांदा धरले जाते आणि पैसे केव्हाच चुकते केलेला अशील थकबाकीदारांच्या यादीत लटकून राहतो. दुसरी चूक लवकर सापडत नाही: आगाऊ रक्कम येण्यांच्या खात्यांतच ठेवली, की एकाची जमा शिल्लक दुसऱ्याची थकबाकी झाकते.

करार न वाचता नोंद करू नये. केवळ उपलब्ध राहण्याचे मासिक शुल्क कालावधीनुसार उत्पन्न होते, तास भरोत न भरोत. ‘परत मिळणार नाही’ एवढ्या शेऱ्याने रक्कम पहिल्याच दिवशी उत्पन्न होत नाही; बदल्यात कोणती सेवा कधी दिली, हे पाहायचे.

वकिलांना अनेक देशांत अशिलाचे न कमावलेले पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात. बँकेचे विवरण, त्या खात्याची वही आणि अशीलवार शिलकांची बेरीज हे तिन्ही आकडे जुळायला हवेत. तरीही एखाद्या अशिलाची शिल्लक उणे दिसली, तर त्याच्यासाठी दुसऱ्याचे पैसे वापरले गेले असे समजावे.

परकी चलनातली आगाऊ रक्कम आल्या दिवसाच्या दराने नोंदवतात. ती सेवेतूनच फिटणार असेल, तर वर्षअखेरीस दर बदलला म्हणून फेरमोजणी होत नाही. रोखीने परत करायच्या ठेवीची मात्र होते.